ताण्यावर पाणी मार

माझ्या नवऱ्याला हातमागाचा बिघाड कानाने कळायचा. आमच्या वस्तीत तेव्हा नऊ घरी माग होते आणि कुणाचाही माग अडला की बोलावणं यांना यायचं. हे लगेच मागाला हात लावत नसत. दाराशी उभे राहून म्हणायचे, "चालवा चार हात." विणणारा चार वेळा आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि हे खाली मान घालून ऐकायचे. मग आत येऊन नेमका तिथेच हात घालायचे. एकदा शेजारच्या म्हातारीचा धोटा सारखा उडून खाली पडत होता. तिने धोटा बदलून पाहिला, धागे ज्या दात्यांतून जातात ती फणी बदलून पाहिली, शेवटी देवऋषाकडे जायची गोष्ट काढली. यांनी ऐकलं आणि सांगितलं, की धोट्यात खोट नाही, उजव्या अंगाचे ताण्याचे उभे धागे सैल पडलेत, त्यामुळे धोट्याला जायला सरळ वाट मिळत नाही. निघालंही तसंच.

मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. इथेही 'हे' किंवा 'ते' असंच म्हणेन.

माझं माहेर राजूरचं. वडील कोळशाच्या खाणीत. घरात माग सोडा, कुणी सुईत दोरा ओवायचं तोही बटण लावण्यापुरता. आर्णीच्या पुढच्या या गावी लग्न होऊन आले तेव्हा घरात तिघंच होतो, हे, मी आणि माझी सासू. तिला मी आत्या म्हणत असे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. आत्या दिवसभर रहाटावर कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायचं आडवं सूत छोट्या नळीवर गुंडाळायच्या. हे चादरी आणि पासोड्या विणायचे. यवतमाळच्या विणकर सोसायटीची गाडी सूत टाकून जायची आणि तयार माल घेऊन जायची.

मला विणायला यांनी शिकवलं, पण गाठ मारायला आत्यांनी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात ताण्याचा एक धागा तुटला. ताणा म्हणजे मागावर लांब ताणून बसवलेले उभे धागे. मी आपली घरात पिशवी बांधतात तशी जाडजूड गाठ मारली आणि पुढे विणायला लागले. ती गाठ फणीच्या दातात अडकली आणि आजूबाजूचे वीस-पंचवीस धागे फटाफट तुटले. मी रडायला लागले. आत्या उठून आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक धागा जोडत गेल्या. म्हणाल्या, "गाठ अशी पायजे पोरी, का फणीले समजली नाई पायजे." दुपारपर्यंत आम्ही दोघींनी सगळे धागे जोडले. संध्याकाळी यांच्या हाताला कापडाचा तो जोडलेला पट्टा लागला. ते आईकडे बघून हसले.

मग ती वाईट वर्षं आली. आमच्याकडे कापसाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नव्याने काय सांगू. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, घराघरात कापूस पडून. आम्ही शेतीवाले नव्हतो, तरी ते आमच्या दारापर्यंत आलं. सूतगिरण्या बंद पडत गेल्या, सोसायटीची गाडी महिन्यातून एकदा यायला लागली, मग यायचीच थांबली. गावात अंगणाअंगणात कापसाचे ढीग आणि मागावर घालायला सूत नाही, अशी आमची गत. एकेका घरातला माग बंद पडला. लोकांनी मागाखालचे पाय सोडायचे खड्डे बुजवून त्या जागी खाटा टाकल्या.

यांनी वर्षभर दम धरला. मिळेल तिथून मिळेल तसलं सूत आणलं. ते कुठे जाड, कुठे बारीक, ओढलं की तुटायचं. ज्वारीच्या पिठाची खळ करून ताण्याला पाजायची, वाळवायचं, पुन्हा पाजायची. एवढं करून विणलेली चादर कुणी घेत नव्हतं. शेवटी वस्तीतले चौघं भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले, त्यांच्यासोबत हे गेले. निघाले त्या दिवशी मागावर अर्धा ताणा तसाच होता. मी म्हटलं, हा कापून ठेवू का? ते म्हणाले, "कापू नको. तू विण. अडलं तर मले फोन कर."

आर्णीत बाजाराच्या रस्त्यावर एक फोनचं दुकान होतं. भिवंडीला यांच्या कारखान्याच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल होतं, तिथे फोन लावला की हॉटेलवाला यांना हाक मारून आणायचा. यांची सुटी शुक्रवारी. मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने आर्णीला जायची. तिथल्या बायकांच्या गटाने टॉवेल विणायला सूत द्यायला सुरुवात केली होती, ते घ्यायचं आणि त्याच फेरीत फोन करायचा.

आमचं बोलणं सगळं मागाचंच. पावसाळ्यात पहिल्यांदा असं झालं, की पायाखालची पावडी दाबली तरी धागे नीट वरखाली उघडेनात. मी घाबरून फोन केला. त्यांनी विचारलं, "आवाज कसा येते?" मी म्हटलं, आवाज कसा सांगू? म्हणाले, "काढून दाखव ना." दुकानात चार माणसं उभी असताना मी तोंडाने मागाचा आवाज काढला. खट्‌ च्या जागी घस्‌ असं काहीतरी. दुकानदार हसला. तिकडे हेही हसले आणि म्हणाले, ओल्या हवेने पावडीच्या दोऱ्या आखडल्या आहेत, दोन-दोन बोटं सैल सोड. घरी येऊन सोडल्या आणि माग चालला. एकदा टॉवेलच्या कडा आत ओढल्या जाऊन कापड मधेच अरुंद व्हायला लागलं. त्यावर त्यांनी सांगितलं, की आडवा धागा ताठ ओढू नको, थोडा तिरपा सैल पडू दे, आणि कापड रुंदीत ताणून धरायची काठी दर चार बोटांनी पुढे सरकव. एकदा दोन गठ्ठ्यांचं सूत वेगळं लागून कापडात पट्टे उठले. त्यावर, दोन धोटे घे, एकदा या गठ्ठ्याचं अन्‌ एकदा त्या गठ्ठ्याचं घाल, पट्टे दिसणार नाहीत. प्रत्येक वेळी आधी विचारायचे, आवाज कसा येते. पुढे मी सरावले. दुकानदाराकडे पाठ करून आवाज काढायची. आम्ही एकमेकांना गोड असं कधी काही बोललो नाही. ते आवाज, तेच आमचं बोलणं.

पहिली दोन वर्षं ते दसऱ्याला आले. तिसऱ्या दसऱ्याला आले तेव्हा मोठमोठ्याने बोलत होते. आत्या म्हणाल्या, शहरात राहून जोर आला. मलाही तसंच वाटलं. मी काही विचारलं की कधी उत्तर द्यायचे, कधी नुसती मान हलवायचे. मागावर बसले नाहीत. मी विणत असताना थोडा वेळ दारात उभे राहिले आणि बाहेर निघून गेले. मला ते लागलं. मला वाटलं, मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाला आता घरच्या मागाचं काय कौतुक.

चौथ्या दसऱ्याला ते आलेच नाहीत. फोनवर 'आवाज कसा येते' विचारणंही बंद झालं होतं. मी एक सांगायची, ते दुसरंच सांगायचे. कधी त्यांनी सांगितलेलं बरोबर लागायचं, कधी नाही. मी म्हणायची, अहो, मी ते नाही विचारलं. तर म्हणायचे, "हाव, हाव, तसंच कर." त्यांच्यासोबत गेलेल्यांपैकी एकाची बायको मला म्हणाली, की तिकडे गेलेल्या माणसांची दुसरी घरं होतात. मी तिला वाईट बोलले, पण ते शब्द माझ्या पोटात राहिले.

त्यानंतरच्या चैत्रात आत्यांना झटका आला. सकाळी रहाटावर बसल्या होत्या, डावा हात सूत सोडून खाली पडला आणि त्या कुशीवर कलंडल्या. आर्णीच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, मुलाला बोलावून घ्या. त्यांना जीप करून घरी आणलं, शेजारणीला जवळ बसवलं आणि मी परत आर्णीला गेले. शुक्रवार नव्हता. हॉटेलवाल्याने यांना बोलावून आणायला बराच वेळ लावला. मागे यंत्रांचा धडधडाट ऐकू येत होता.

मी म्हटलं, "आत्या लय बिमार आहेत. डॉक्टर म्हणते, काही दिवसच आहेत. तुम्ही आजच निघा."

ते म्हणाले, "ताण्यावर पाणी मार."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं, दुकानातली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. "तुमची माय जाऊन राह्यली. या तुम्ही."

"हाव, हाव. खिडकीले ओलं पोतं लाव. दुपारी विणू नको, सकाळी विण. फणी साफ करत जा." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. दुकानदाराने विचारलं, परत लावू का? मी नको म्हटलं. आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारते, का नको म्हटलं? हॉटेलवाल्याला निरोप देता आला असता. सोबत गेलेले गावचे लोक दुसऱ्या कारखान्यांत पांगले होते, तरी त्यांच्यापैकी कुणाला शोधता आलं असतं. पत्र टाकता आलं असतं. यातलं मी काहीच केलं नाही, कारण मला राग आला होता. आईचं मरण सांगितलं तर हा माणूस मला फणी साफ करायला सांगतो. ज्याला यायचंच नाही त्याच्यापुढे मी तोंड किती वेळा उघडू? मी उठले आणि गाडी धरून घरी आले.

आत्यांना बोलता येत होतं, शब्द वाकडे पडत होते एवढंच. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "येते का?"

मी म्हटलं, "येतो म्हणाले."

अकरा दिवस त्या जगल्या. सकाळी निपचित असायच्या. दुपारी यवतमाळहून येणारी गाडी फाट्यावर थांबली की तिचा हॉर्न आमच्या घरापर्यंत यायचा, तेव्हा डोळे उघडायच्या आणि दाराकडे बघायच्या. मग माझ्याकडे. मी म्हणायची, उद्या येतील, तिकीट मिळालं नसेल. यांचा चुलतभाऊ आला तेव्हा म्हणाला, वहिनी, तार करतो. मी त्याला म्हटलं, "त्यांना सांगितलंय." एवढंच. त्याने तार केली नाही. वस्तीतही लोक तेच बोलायला लागले. त्याला सांगितलंय, तो आला नाही. आत्या गेल्या त्या दिवशी पुरुषमंडळींनी सगळं केलं, भन्तेजींनी वंदना घेतली, आणि विहारातून परतताना लोक यांच्याबद्दल काय बोलत होते ते मी ऐकलं. मी कुणाला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

आषाढात विजेच्या तुटवड्याने तिकडचे कारखाने काही दिवस बंद पडले आणि हे गावी आले. मी अंगणात सुताच्या लड्या वाळत घालत होते. खांद्याला बॅग, हातात कागदाचं पुडकं. आल्याआल्या आत गेले, बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "माय कुठं गेली?"

मला वाटलं, हे सोंग आहे. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि लड्या झटकत बोलत राहिले. अकरा दिवस वाट बघत होती, म्हटलं. तुमची लाज वाटते मला, म्हटलं. आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाठीमागून काहीच उत्तर येईना. मी वळले. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी वळल्याबरोबर त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यासारखंच, "माय कुठं गेली?"

तेव्हा मला कळलं.

मी आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'आत्या वारल्या. चैत्रात.' त्यांनी ते वाचलं. हातातलं पुडकं खाली ठेवायला जागा शोधत असल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. त्यात आत्यांसाठी मऊ सुती लुगडं होतं. मग ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं?"

मी लिहिलं, 'फोनवर सांगितलं होतं.'

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग एकेक गोष्ट सांगायला लागले, ऐकू न येणारा माणूस बोलतो तशा उंच, सपाट आवाजात. एका पत्र्याखाली शंभर-शंभर माग, तिथे कुणी बोलतच नाही, सगळे हाताच्या खुणांनी बोलतात. दुसऱ्या वर्षी कानात सारखी शिट्टी वाजायला लागली. मग डावा कान वाहायला लागला. तिसऱ्या वर्षी कानाशी येऊन ओरडलं तरच काही कळायचं, फोनवर तर नुसतं गुणगुणल्यासारखं यायचं, तेवढ्यावरून मी बोलते आहे एवढं समजायचं. मला सांगितलं नाही, कारण त्यांना लाज वाटली. वस्ती त्यांना ज्या कानासाठी बोलवत होती तो कान गेला, हे ते कुणाला सांगणार? म्हणून ते अंदाजाने उत्तर द्यायचे. पावसाळा असला तर दोऱ्या सैल कर. थंडीत खळ पातळ कर.

"उन्हाळा होता," ते म्हणाले. "सूत कोरडं पडत असन, धागे तुटत असन, मले वाटलं. म्हणून म्हटलं पाणी मार."



पुढच्या आठवड्यात ते मागावर बसले. मी मनात म्हटलं, हात तरी विसरले नसतील. हात विसरले नव्हते. पण धोटा फेकला की तो पलीकडे पोचल्याचा आवाज त्यांना लागायचा, त्या आवाजावर पुढची पावडी पडायची. आता ते धोट्याकडे बघत राहिले, की पाय चुकायचा. पायाकडे बघितलं, की धोटा उडायचा. दुपारपर्यंत त्यांनी वीतभर कापड विणलं आणि त्यात सात जागी धागे सुटले होते. त्यांनी कात्री घेतली, तेवढं कापड कापून काढलं, घडी करून कोनाड्यात ठेवलं. पुन्हा मागावर बसले नाहीत.

मी त्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चांगलं तपासलं, कानाला यंत्र लावून बघितलं आणि शेवटी मला सांगितलं, आतली नस गेली आहे, यंत्राने फार काही होणार नाही. मी ते वहीत लिहून त्यांना दाखवलं. तोवर आम्ही एक छोटी वही सोबत ठेवायला लागलो होतो. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. गाडी भरलेली होती. यवतमाळ मागे पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं, आणि आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नव्हतं, "तिनं मले विचारलं होतं का?"

पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. मी वही काढली. लिहिलं, 'नाही. शुद्धच नव्हती. त्यांना काही कळत नव्हतं.'

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते पान नीट फाडून, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माग आम्ही मोडला, मी बायकांच्या गटात शिकवायला जाते. हे सरकारी रोपवाटिकेत पाणी घालायच्या कामावर लागले. तिथे झाडांशी काम, बोलावं लागत नाही. वस्तीतल्या लोकांना मी नंतर घरोघरी जाऊन सांगितलं, की त्यांना ऐकूच आलं नव्हतं. लोकांनी ऐकून घेतलं, हळहळले. मी रागाने परत फोन केला नाही, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. यांनीही ते कधी विचारलं नाही. आपल्याला ऐकू आलं नाही, सगळा दोष आपलाच, असं ते धरून बसले आहेत, आणि मी त्यांना तसं धरून बसू दिलं आहे. आत्यांच्या पुण्यतिथीला ते विहारात एकटेच मागे थांबतात. मी बाहेर त्यांची वाट बघत उभी असते.

त्यांना वाचता चांगलं येतं. हे सगळं लिहिलेले कागद मी लपवून ठेवणार नाही एवढं ठरवलं आहे. त्यांच्या हातात नेऊन द्यायची हिंमत मात्र मला अजून झालेली नाही.